हाताशी काही नको

माझा हात वर गेला आणि त्याला धरायला खोलीत काहीच नव्हतं. सुट्टीची सकाळ होती. बायको खिडकीपाशी जमिनीवर बसून मुलीच्या केसांतला गुंता सोडवत होती आणि मागे न बघता सहज म्हणाली, "नळवाल्याला फोन केलाच नाहीस ना?" एवढंच. नळ गळत होता, फोन मी करणार होतो आणि केला नव्हता. तिच्या आवाजात ठपकासुद्धा नव्हता. पण माझ्या मानेत मागून काहीतरी गरम चढलं, कानांच्या पाळ्यांपर्यंत आलं आणि उजवा हात आपला आपण उठला. बोटं उघडी होती. ती कप शोधत होती, फुलदाणी, घड्याळ, पेपरवेट, काहीही, आणि खोलीत भिंती, खिडकी आणि ही दोन माणसं सोडून काही नव्हतं. मग हाताला माणसं दिसली. मी हे रंगवून सांगत नाही. तो खरोखर किंचित तिच्या बाजूला वळला. मी त्याच हातानं मान खाजवली.

बायकोनं तेवढ्यात वळून पाहिलं होतं. "ते काय होतं?" ती म्हणाली. मी म्हटलं, "मान आखडलीये." ती "हं" म्हणाली, कंगवा पुन्हा चालू झाला, पण आता ती माझ्याकडे तोंड करून बसली होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी टेबलावरचा दिवा भिंतीवर आपटला होता, त्या संध्याकाळी काचा गोळा करता करता तिनं मला सांगून ठेवलं होतं: "वस्तू मोडतोस ना, ठीक आहे, त्याचं काहीतरी करू. पण माझ्यावर, नाहीतर पुढेमागे मूल झालं तर त्याच्यावर हात आला, तर मी निघाले. भांडणार नाही, रडणार नाही, समजूत काढू देणार नाही." बोलताना ती काचा वर्तमानपत्रात गुंडाळत होती, कचरा नेणाऱ्याच्या हाताला लागू नयेत म्हणून. ती बोलते ते करते. आणि मला या दोघी हव्या होत्या. त्यांच्याशिवाय मला दुसरं काही नको, हे मी घर रिकामं करून दाखवून दिलंय अशी माझी समजूत होती.

आमच्या घराला लोक शांत म्हणतात. दारातून आत येतात, आवाज आपोआप खाली आणतात, बसायला काही नाही म्हणून जरा घोटाळतात आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसले की म्हणतात, "काय मोकळं वाटतं हो तुमच्याकडे." माणशी एक ताट, एक पेला, अंथरूण, मोजके कपडे. भांडी स्टीलची, म्हणजे आपटली तरी नुसता आवाज. आपटायला मिळू नयेत म्हणून तीही धुऊन लगेच ओट्याखालच्या कपाटात जातात. मी याला 'प्रयोग' म्हणायचो. कमीत कमी वस्तूंमध्ये माणूस कसा जगतो ते बघू, असं मी बायकोला म्हटलं आणि ती ताबडतोब खूष झाली. ती मोठ्या माणसांना पोहायला शिकवते. मुलं पटकन शिकतात, मोठी माणसं पाण्यात उतरली की हाताला लागेल ते धरतात, काठ, दोरी, हिचा गळा. आणि हिचा सगळा दिवस "सोडा, सोडा, काही होत नाही" असं ओरडण्यात जातो. तिला वाटलं, नवऱ्यालाही एकदाचं सोडायचं सुचलं. खुर्च्या गेल्या, कपाटं गेली, लग्नातला काचेचा सेट गेला, तेव्हा ती गाणं गुणगुणत खोकी उचलून जिन्यात ठेवत होती. मी तिला खरं कारण सांगितलं नाही. खरं सांगायचं तर आधी वडिलांचं सांगावं लागलं असतं, आणि ते सांगताना मी हसतो, हे मला माहीत होतं.

आमच्याकडे एक खालची फळी होती. स्वयंपाकघरात, माझ्या तेव्हाच्या उंचीला नेमकी पोचणारी. तिच्यावर कान तुटलेले कप, तडा गेलेल्या बश्या, झाकण हरवलेली चिनीमातीची भांडी. ती मोडायची भांडी होती. वडील कामावरून आले आणि जिन्यातल्या पावलांचा आवाज जड असला, की आई चांगलं सामान वर सरकवायची, दिवा उचलून आतल्या खोलीत न्यायची आणि मला हळूच म्हणायची, "खालच्यातला एक आण जा." मी कप आणायचो, ती तो वडिलांच्या खुर्चीशेजारी, उजव्या हाताला, ठेवायची. त्यात चहासुद्धा नसायचा. वडील बसायचे, बूट काढायचे, काहीतरी बोलणं निघायचं, आणि कप समोरच्या भिंतीवर जाऊन फुटायचा. भिंतीचा तेवढा भाग खवल्याखवल्यांचा झाला होता. कधी एकानं भागायचं नाही. मग मी दुसरा आणायचो, तिसरा आणायचो, आणि मला ते आवडायचं, हे मी आज कबूल करायला भीत नाही. पोटात गोळा यायचा आणि तरी आवडायचं. नातेवाइकांनाही ठाऊक होतं. आत्या वर्षाकाठी एक पिशवी भरून तडे गेलेल्या बश्या आणून द्यायची आणि म्हणायची, "घे गं, तुमच्याकडे खपतात." दोघी हसायच्या. वडीलही हसायचे. मग आई केर काढायची, बूट घातल्याशिवाय इकडे फिरकू नका म्हणायची आणि ताटं वाढायची. शेजारणींना ती अभिमानानं सांगे, "ह्यांचा राग वाईट, पण माणसाला कधी बोट लावलं नाही हो." मला त्या अभिमानाचा तिटकारा होता. माझं घर असं असणार नाही, मी ठरवलं होतं.

ठरवून काय होतं? हात त्यांचाच मिळाला. दिवा झाला, पंखा झाला, एकदा कपड्यांचा स्टँड गॅलरीच्या कठड्यावर आपटून वाकडा केला. आणि मग ती दुपार आली. मी फोनवर कुणाशी तरी वाद घालत होतो, आवाज चढला होता, आणि बटण आतून आली. बटण म्हणजे आमची मुलगी. जन्मली तेव्हा नाक तेवढंच होतं म्हणून. तिच्या हातात कप होता. ती माझ्याजवळ आली, कप माझ्या उजव्या हाताला अलगद ठेवला, दोन पावलं मागे सरून उभी राहिली आणि वाट बघायला लागली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. आजोबांना तिनं पाहिलेलंसुद्धा नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर तो पोटात गोळा आल्याचा आनंद मी ओळखला आणि मला इतकी किळस आली की मी फोन कापला. पुढच्याच आठवड्यात घर रिकामं करायला घेतलं. माझं गणित सोपं होतं. राग वस्तूंत असतो, त्यांच्या कानाकोपऱ्यांत, काचेत. वस्तू नेल्या की तो उपाशी मरेल. हे गणित आमच्याच घरातला माणूस मांडू शकतो. बाकीच्यांना राग माणसांवर येतो हे आधीपासून माहीत असतं.

मोडण्याचाच मला पगार मिळतो, ही आणखी एक गंमत. घरगुती सामान किती टिकतं ते तपासण्याचं आमचं काम. एका मोठ्या शेडमध्ये यंत्रं आहेत: एक यंत्र खुर्चीवर दिवसभर बसतं आणि उठतं, एक कपाटाचं दार उघडतं आणि आपटतं, एक ठरलेल्या उंचीवरून पेले खाली सोडतं. मी बघतो आणि कुठून मोडलं ते लिहितो. मोडण्याआधी प्रत्येक वस्तू आवाज करते. लाकूड कण्हतं, प्लास्टिक आधी टिचकतं, काच मात्र काही न सांगता जाते. एवढी वर्षं तो आवाज ऐकून मला हलकं वाटायचं, संध्याकाळी घरी जाताना खांदे सैल असायचे. त्या सुट्टीच्या सकाळनंतर तसं होईना. यंत्रानं मोडलेलं माझ्या हाताला पोचत नव्हतं. बसमध्ये पुढच्या माणसाच्या मानेकडे माझं लक्ष जायचं, केसांखालच्या त्या उघड्या पट्टीकडे. दुकानात रांगेत उभं असताना कुणाचा कान दिसायचा, आणि तो कान सोलवटून निघाल्याचं मला स्पष्ट दिसायचं, रक्तासकट, त्या माणसाशी माझं काही वैर नसताना. घरी बायको वाकून अंथरूण घालायची आणि मी खिशात हात घालून उभा राहायचो. झोपताना उजवा हात अंगाखाली घेऊन झोपायचो. सकाळी तो बधिर असायचा, आणि बधिर असेपर्यंत मला बरं वाटायचं.

घरात जाण्यासारखी जागा उरली नव्हती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. सामान असतं तेव्हा माणूस त्याच्या आडून जगतो. वर्तमानपत्राच्या मागे जातो, कपाटाचं दार उघडून उगाच उभा राहतो, खुर्ची फिरवून पाठ करतो. आता मी कुठेही बसलो तरी या दोघी माझ्यासमोर, मध्ये काही नाही. बोललेला शब्द भिंतीवर आपटून मोठा होऊन परत यायचा. बटण शिंकली तरी मी दचकायचो. बायको एकदा म्हणाली, "तुझे खांदे बघ, माझ्या नवशिक्यांसारखे कानाला लागलेत." ती मागून येऊन खांदे दाबायला लागली आणि मी इतक्या जोरात अंग झटकलं की ती भिंतीला जाऊन लागली. लागली म्हणजे टेकली. "बरा आहेस ना?" तिनं विचारलं. मी बरा आहे म्हटलं. तिनं माझ्याकडे बघितलं ते डॉक्टरनं बघावं तसं, आणि त्या बघण्याचाच मला राग आला.

मग एके दिवशी शेडमध्ये एक खुर्ची मोडत नव्हती. साधी लाकडी, बारीक पायांची, बघताक्षणी वाटावं की दुपारपर्यंत टिकणार नाही. यंत्र बसत होतं, उठत होतं, बसत होतं. ती कण्हतही नव्हती. मी समोर उभा होतो आणि माझे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. वजनवाला, म्हणजे यंत्रांवर लोखंडी वजनं चढवणारा माझा जोडीदार, शेजारी उभा राहून केळं खात होता. नंतरचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. मी यंत्र बंद केलं. त्याच्या गाडीवरचं वजन दोन्ही हातांनी उचललं. पहिला घाव पाठीवर बसला आणि पाठ सुटून आली, दुसरा पायावर, मग खुर्ची आडवी झाली आणि मी तिच्यावर वाकून मारत राहिलो, लाकडाची साल निघेपर्यंत, खिळे दिसेपर्यंत, ती खुर्ची आहे हे ओळखू येईनासं होईपर्यंत. ढलपी उडून माझ्या भुवईला लागली. माझ्या तोंडातून आवाज येत होता. थांबलो तेव्हा शेडमधली बाकीची यंत्रं आपापलं काम करत होती. वजनवाल्यानं केळ्याची साल खिशात घातली. "बुवा," तो म्हणाला, घर रिकामं केल्यापासून सगळे मला बुवाच म्हणायचे, "ती पास होणार होती हो." मग माझ्या हातातलं वजन काढून घेत तो गमतीनं म्हणाला, "घरी मोडायला काही उरलं नाही वाटतं." साहेबांनी मला काचेतून बघितलं होतं. ते रागावले नाहीत. घरी जा, दोन दिवस येऊ नका, म्हणाले.

मला वाटलं, संपलं. खरंच तसं वाटलं. बसमध्ये मन धुतल्यासारखं झालं होतं, कुणाच्या मानेकडे लक्ष जात नव्हतं. बायकोला आज सगळं सांगायचं, फळीचं, कपांचं, बटणनं आणून दिलेल्या कपाचं. वाक्यंसुद्धा जुळवली. जिना चढलो, दार ढकललं, आणि खोलीत टेबल होतं.

बुटकं टेबल, जमिनीवर बसून लिहायचं. बटण त्याच्याशी मांडी घालून गृहपाठ करत होती. तिनं वर बघितलं आणि हसली. माझ्या हाताला ते टेबल दिसलं, आणि मला आनंद झाला. तो आनंद मी कधी विसरणार नाही. तहानलेल्याला पाणी दिसावं तसं मी त्या टेबलाचे पाय बघितले, सांधे बघितले, कुठून सुटेल ते बघितलं. म्हणजे खुर्चीनं काहीच संपलं नव्हतं.

"अरे, इतक्या लवकर?" बायको ओट्याकडून आली. "आणि भुवईला काय लागलं?"

"हे काय आहे?"

"टेबल."

"ते दिसतंय मला. इथे कसं आलं?"

"खालच्या काकू घर बदलतायत, त्यांच्याकडे जास्तीचं होतं. बटणची मान दुखते पालथं पडून लिहिताना. डोळ्यांनाही बरं नाही ते." ती हात पुसत होती. "प्रयोगात बसत नसेल, तर प्रयोग थोडा सरकव बाबा. एका टेबलापुरता."

"बाहेर काढ."

"आत्ताच्या आत्ता? लिहितेय ती."

"मी सांगतोय ना, बाहेर काढ."

"का पण? नीट कारण सांग." ती माझ्या आणि टेबलाच्या मध्ये आली, भांडायला म्हणून नाही, माझी भुवई बघायला म्हणून. तिच्या अंगाला तलावाच्या पाण्यातल्या औषधाचा वास येत होता. "एवढं काय घाबरतोस टेबलाला?" ती म्हणाली. ती हसत होती, थट्टेनं, प्रेमानं. तिला काही माहीत नव्हतं आणि तिनं नेमकं बोट ठेवलं होतं. मी तेव्हा हो म्हणू शकलो असतो. हो, घाबरतो, एवढे दोनच शब्द होते.

मी तिला मारलं. उघड्या हातानं, कानापासून जबड्यापर्यंत. हात टेबलाकडे निघाला होता आणि ती मध्ये आली, असं मी पुढे कुणाला तरी सांगेन, कदाचित स्वतःलाही सांगेन. पण तो टेबलाकडे निघाला नव्हता. त्याला टेबलाची गरज उरली नव्हती. रिकाम्या खोलीत तो आवाज इतका मोठा झाला की बटणनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. बायको पडली नाही. तिचे खांदे भक्कम आहेत. एक पाऊल मागे गेली, पोटरी टेबलाला लागली, तशीच उभी राहिली. तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून बारीक रक्त आलं. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, हाताकडे बघत होती. आणि खरी भयंकर गोष्ट अशी की हात शांत झाला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो जड, गरम, समाधानी असा अंगाला लागून लोंबत होता.

ती आत गेली. मी तिच्या मागे गेलो नाही, कारण मला वेळ आहे असं वाटलं. माझी आईही निघायची. वर्षातून एकदा तरी निघायची. पेटी ओढायची, कपडे घड्या घालून भरायला लागायची, मग पितळेची भांडी, मग शिलाई मशीन. मशीन तिच्या वडिलांनी दिलेलं, ते सोडून ती कुठे जाणार नव्हती आणि ते दोन माणसांशिवाय उचलत नव्हतं. ती त्याच्यासमोर उभी राहून विचार करायची, तोवर वडिलांचा राग उतरायचा, ते दारात येऊन म्हणायचे, "हे कसं नेणार आहेस?" आणि ती आधी रडायची, मग हसायची, आणि दोघं मिळून पेटी रिकामी करायचे. सामानानं तिला तीस वर्षं थोपवून धरलं. आमच्याकडे थोपवायला काही नव्हतं. बायकोनं पोहण्याची पिशवी खुंटीवरून काढली, स्वतःचे कपडे तिच्यात टाकले, बटणचे टाकले, साखळी ओढली. मी काय बोलायचं ते जुळवत होतो तोवर ती मुलीला हाताला धरून दारात पोचली होती.

पण ती दारात थांबली. वळली. गालावर माझी बोटं उठली होती. "तू मला काहीतरी सांग," ती म्हणाली. "मी राहीन असं म्हणत नाही. पण हे कुठून आलं, तेवढं सांग. तू असा नाहीस."

मी सांगितलं. वाईट सांगितलं, उलटसुलट, मध्येच खुर्चीचं, मध्येच कपांचं, आणि आत्याच्या पिशवीपाशी आल्यावर मला सवयीनं हसू फुटलं आणि मी तोंडावर हात दाबला. घर मी का रिकामं केलं ते सांगितलं. "मला वाटलं, मोडायलाच काही नसेल तर..." म्हटलं आणि पुढचं वाक्य मला पुरं करता आलं नाही. ती ऐकत होती. मध्ये एकदा डोळे मिटले. पिशवी तिनं खांद्यावरून उतरवून उंबऱ्यावर ठेवली. "हे आधी सांगायचंस," ती अगदी हळू म्हणाली, "मूर्खा, हे आधी सांगायचंस ना." तिच्या आवाजात कीव होती आणि कीवेच्या मागे आणखी काहीतरी होतं, ज्याच्या जोरावर आम्ही ती रात्र, मग पुढचा दिवस, मग कुणा डॉक्टरकडे जाणं, असं काही करू शकलो असतो. मला ते दिसलं. मला वाटलं, आता काहीतरी साधं करावं, रोजचं, म्हणजे हा क्षण मोडणार नाही.

बटणच्या बुटाची लेस सुटलेली होती. घाईघाईत बूट घातले की ती तशीच लोंबत ठेवते आणि मग मी रोज दारात बसून बांधतो. मी गुडघ्यावर बसलो आणि तिच्या पायाकडे हात पुढे केला.

तिनं कोपर वर केलं. कोपर चेहऱ्यासमोर, हात डोक्यावर, डोळे घट्ट मिटलेले, सगळं अंग चोरून ती भिंतीला चिकटली. ओरडली नाही. नुसती तशी उभी राहिली आणि वाट बघायला लागली.

माझा हात लेसपाशी थांबला. मी बायकोकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती त्या एवढ्याशा कोपराकडे बघत होती आणि तिचा चेहरा हळूहळू सपाट होत गेला. तिनं वाकून पिशवी उचलली. मग मुलीच्या पायाशी बसून लेस बांधली, दुहेरी गाठ मारून, अजिबात घाई न करता. बटणनं कोपर खाली आणलं ते आई उठून उभी राहिल्यावर. दोघी जिना उतरायला लागल्या, आणि मी हात पाठीमागे धरून तिथेच गुडघ्यावर बसून राहिलो, म्हणजे तिनं मागे वळून बघितलं तर तिला भीती वाटू नये.